टोरांटोच्या हिवाळ्यातील सायकल कुरियर

कॅनडातील टोरांटो शहरात सायकलवरून कागदपत्रे, लहान पार्सले आणि तयार जेवण पोहोचवण्याचे काम वर्षाचे बाराही महिने चालते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्च संपेपर्यंत, कधी कधी एप्रिलमध्येही, ते बर्फात करावे लागते. जानेवारीत शहराच्या मध्यभागाचे सरासरी तापमान उणे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली की रात्री ते उणे २०च्याही खाली जाते. वर्षभरात साधारण १२० सेंटिमीटर बर्फ पडतो. डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरी याच सुमारास सुरू होत असल्याने डिलिव्हरीचे बरेचसे काम अंधारातच होते. धो धो पावसाच्या संध्याकाळी मुंबई-पुण्यात जे घडते तेच टोरांटोत हिमवादळाच्या संध्याकाळी घडते. लोक घरातून हलत नाहीत आणि बाहेरून जेवण मागवतात. हवा जितकी वाईट तितकी मागणी जास्त, आणि रस्त्यावर सायकल काढायला तयार असलेली माणसे तितकी कमी.

या कामाचे दोन प्रकार आहेत. जुना प्रकार कागदपत्रांचा. बे स्ट्रीटच्या परिसरातील बँका, वकिलांच्या कचेऱ्या आणि न्यायालये यांच्यामध्ये मूळ सहीचे करारनामे, धनादेश, दाव्याची कागदपत्रे, इमारतींचे नकाशे यांची ने-आण करणारे हे कुरियर. खांद्यावर तिरकी अडकवलेली मोठी पाणीरोधक पिशवी आणि पट्ट्याला लावलेला वॉकीटॉकी ही त्यांची ओळख. कचेरीत बसलेला डिस्पॅचर त्यांना एकामागून एक कामे सांगत असे. आधी फॅक्स, मग ईमेल आणि शेवटी न्यायालयांची ऑनलाइन दाखल-व्यवस्था आल्यावर हे काम बरेच आटले, पण संपले नाही. दुसरा प्रकार गेल्या दहा-बारा वर्षांतला, मोबाइल ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्यांचा. संख्येने आज हेच जास्त आहेत. त्यांच्यात स्थलांतरितांचा आणि परदेशी विद्यार्थ्यांचा मोठा भरणा आहे आणि त्या विद्यार्थ्यांत भारतातून गेलेलेही पुष्कळ आहेत. ज्यांनी जन्मात कधी बर्फ पाहिलेला नसतो, त्यांना पहिल्याच हिवाळ्यात हे काम अंगावर घ्यावे लागते.

धंदा म्हणून याला मोठा इतिहास आहे. आज विमानांचा ताफा बाळगणारी यूपीएस कंपनी १९०७ मध्ये सिॲटलमध्ये पायी आणि सायकलवरून निरोप पोहोचवणारी छोटी पेढी म्हणून सुरू झाली. टोरांटोतील कुरियरांनी तर या व्यवसायाची स्वतःची संस्कृतीच उभी केली. रहदारीतूनच वाट काढत एकेक ठिकाण गाठायचे, अशा ‘ॲलीकॅट’ नावाच्या शर्यती १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथेच सुरू झाल्या असे मानले जाते. सायकल कुरियरांची जागतिक स्पर्धा १९९३ मध्ये बर्लिनला सुरू झाली. ती १९९५ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये टोरांटोत भरली. डफरिन ग्रोव्ह पार्कातील स्केटिंगच्या बर्फावर भर हिवाळ्यात सायकलशर्यत होत आली आहे. तिच्यासाठी टायरला आतून स्क्रू ठोकून त्यांची टोके बाहेर काढतात आणि ट्यूब फुटू नये म्हणून आतून जुन्या ट्यूबचा थर लावतात. हौसेसाठी केलेली ही करामत रोजच्या कामातही उपयोगी पडते.

थंडीचे मोजमाप तापमानाच्या आकड्यावर संपत नाही. वारा असेल तर त्वचेलगतचा उबदार हवेचा पातळ थर सतत उडून जातो आणि शरीर जास्त वेगाने थंड होते. या परिणामाचा पहिला पद्धतशीर अभ्यास पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४०च्या सुमारास अंटार्क्टिकावर केला. उघड्यावर टांगलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्यातील पाणी गोठायला किती वेळ लागतो, हे त्यांनी वेगवेगळ्या वाऱ्यांत मोजले. नळकांडे म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे त्यांचे आकडे थंडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवत. पुढे २००१ मध्ये टोरांटोतील संरक्षण संशोधन संस्थेत, गार हवेचा झोत सोडलेल्या बोगद्यात बारा स्वयंसेवकांना चालत्या पट्ट्यावर चालवून त्यांच्या चेहऱ्याचे तापमान मोजले गेले. त्यावरून बसवलेले सूत्र कॅनडा आणि अमेरिका त्याच वर्षापासून वापरतात. हवामानाच्या बातम्यांत ‘विंड चिल’ म्हणून सांगितला जाणारा आकडा तो हाच.

या सूत्राप्रमाणे हवा उणे १० आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल तर त्वचेला ती उणे १८ इतकी लागते. उणे १५ला ताशी ३०चा वारा असेल तर उणे २६. विंड चिल उणे २८च्या खाली गेले की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते आणि उणे ४०च्या खाली ५ ते १० मिनिटांत. हे आकडे चालणाऱ्या माणसासाठी आहेत, ही गोष्ट सायकलस्वाराने ध्यानात ठेवायला हवी. सूत्रातील वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. चेहऱ्याच्या उंचीवर तो बराच मंद झालेला असतो आणि चालण्याने त्यात थोडीशीच भर पडते. सायकलस्वार मात्र स्वतःच ताशी २० किलोमीटरने हवा कापत जातो आणि तो सगळा वेग थेट त्याच्या तोंडावर येतो. पान हलत नसलेल्या सकाळीही त्याच्यासाठी वारा असतोच. त्यातून लेक ऑन्टारियोवरून येणारा वारा बे स्ट्रीटच्या उंच इमारतींमधून दाबून येतो आणि कोपऱ्यावर वळताना एकदम आडवा लागतो. जेवणाची चौकोनी पेटी पाठीवर असेल तर तो सायकल हातभर बाजूला ढकलतो.

एवढे असूनही, सायकल चालत असताना थंडी फारशी बाधत नाही. पायडल मारणारा माणूस जेवढी ऊर्जा खर्च करतो तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा चाक फिरवण्यात जातो आणि उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट उष्णता तयार होते. बऱ्यापैकी जोर लावून सायकल चालवणाऱ्याच्या शरीरात ४०० ते ५०० वॅट. म्हणूनच उणे १५ अंशांतही कुरियरला घाम येतो. नवख्याने भीतीपोटी जाड कोट चढवला असेल तर दहा-पंधरा मिनिटांत त्याचा आतला कपडा ओला होतो.

खरा त्रास तो थांबल्यावर सुरू होतो. ऑर्डर पोहोचवून झाली, पुढची आलेली नाही, आणि तो फुटपाथच्या कडेला मोबाइलकडे बघत उभा आहे. शरीरातील उष्णता चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आलेली असते. घामाने भिजलेले कपडे मात्र अंगावर तसेच असतात, आणि पाणी हवेपेक्षा पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. आधी पाठ गार पडते. मग हृदय-फुप्फुसे उबदार राखण्यासाठी शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवरते घेते. बोटे बधिर होतात, ब्रेकची पकड सैल पडते, खिशातून किल्ली काढता येत नाही. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले तर बोलणे अडखळते आणि विचार मंदावतो. आपले बिघडते आहे हे ओळखणेही मग अशा माणसाला कठीण जाते. अनुभवी कुरियर यासाठी दोन गोष्टी पाळतात. निघतानाच किंचित गारठा वाटेल इतकेच कपडे घालायचे, आणि थांबायचे तर आडोशाला, शक्यतो इमारतीच्या आत थांबायचे. पहिली गोष्ट त्यांच्या हातात असते. दुसरी नेहमी नसते.

मध्य टोरांटोत ३० किलोमीटरहून अधिक लांबीचे ‘पाथ’ नावाचे भुयारी मार्गांचे जाळे आहे. पंचाहत्तरहून अधिक इमारती, भुयारी रेल्वेची स्थानके आणि शेकडो दुकाने त्याने जोडलेली आहेत. कागदपत्रे वाहणाऱ्या कुरियरांना त्याची खडान्खडा माहिती असते, कारण त्यांची कामे त्याच इमारतींत असतात. टपालखोलीतील माणसे त्यांना नावाने ओळखतात आणि एका टॉवरमधून दुसऱ्यात ते जमिनीखालून पायी जातात. जेवण पोहोचवणाऱ्यांचे असे नाही. त्यांची हॉटेले आणि गिऱ्हाइके शहरभर विखुरलेली असतात. काही हॉटेलांत त्यांना दारातल्या चटईवर उभे राहू देतात, तर काही ठिकाणी ऑर्डर तयार होईपर्यंत बाहेर थांबायला सांगतात. स्वच्छतागृह वापरू न देण्याची तक्रार तर अनेक शहरांतून येते. न्यूयॉर्क शहराने त्यासाठी २०२१ मध्ये कायदा केला आणि ऑर्डर न्यायला आलेल्या कुरियरला हॉटेलने स्वच्छतागृह वापरू दिलेच पाहिजे असे ठरवले. इतक्या साध्या माणुसकीसाठी कायदा करावा लागला, यावरूनच आधीची स्थिती कळते.

हातांचा प्रश्न वेगळा काढून पाहावा लागतो. सायकल चालवताना बोटे हलत नाहीत, ती वाऱ्याच्या तोंडावर असतात आणि गार धातूच्या ब्रेकवर टेकलेली असतात. म्हणून हँडलला बाहेरून अडकवायचे मोठे, आतून अस्तर असलेले खोळीसारखे हातमोजे मिळतात. त्यात पातळ मोजा घातलेला हात सरकवला की तो उणे १५लाही उबदार राहतो. दोन-दोन बोटे एकत्र राहतील असे खेकड्याच्या नांगीसारखे मोजेही बरेच जण वापरतात. पण ॲपचे काम करणाऱ्याला प्रत्येक ऑर्डरीमागे मोजा चार-पाच वेळा काढावा लागतो. ऑर्डर स्वीकारायची, हॉटेलात पोहोचलो हे कळवायचे, नकाशा बघायचा, इमारतीच्या दारावरचा क्रमांक दाबायचा, दाराशी ठेवलेल्या पिशवीचा फोटो काढायचा. ऑर्डर स्वीकारायला काही सेकंदच मिळतात, त्यामुळे मोजा दातांनी ओढून काढला जातो. बधिर झालेली बोटे नंतर उबेत आली की रक्त परतताना असा ठणका लागतो की धडधाकट माणसाच्या डोळ्यांतून पाणी येते. नाकाचा शेंडा, कान, गाल किंवा बोटांची टोके पांढरट, मेणासारखी आणि बधिर झाली तर ती हिमदंशाची सुरुवात असते. तो भाग चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. घरात आल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात तो बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

रस्त्याच्या बाबतीत नवख्याचा अंदाज बहुधा चुकतो. सर्वांत वाईट दिवस सर्वांत थंड नसतो. उणे १२ अंशांचा कोरडा, स्वच्छ दिवस कुरियरला आवडतो. ताजा, मोकळा, चार-पाच सेंटिमीटर बर्फही फारसा त्रास देत नाही, कारण टायर त्यातून खाली डांबरापर्यंत पोहोचतो. शून्याच्या आसपासचे हवामान त्याला नकोसे असते. दिवसा बर्फ वितळतो, मीठ आणि चिखल मिसळून त्याचा राखाडी लगदा होतो, तो बुटांत शिरतो आणि संध्याकाळी तोच लगदा चाकोऱ्यांसकट दगडासारखा गोठतो. त्याहून धोकादायक म्हणजे गोठणारा पाऊस. थेंब पडतात ते पाण्याचेच, पण जमिनीला टेकताच त्यांचे काचेसारखे कवच होते. खालचे डांबर त्यातून स्पष्ट दिसते, त्यामुळे रस्ता नुसता ओला वाटतो. डिसेंबर २०१३ मधील अशा वादळाने टोरांटोतील झाडे आणि विजेच्या तारा मोडून टाकल्या आणि ऐन नाताळात लाखो लोकांना अंधारात बसावे लागले.

त्यात टोरांटोचे रस्ते ट्रामचे आहेत. किंग, क्वीन, डंडस, कॉलेज, स्पडायना या मध्यवस्तीतल्या रस्त्यांवर रूळ आहेत आणि रुळालगतच्या खाचेत सायकलचे चाक अडकण्याएवढी जागा असते. उन्हाळ्यात ती खाच दिसते. हिवाळ्यात ती बर्फाखाली असते आणि ओला रूळ साबणासारखा निसरडा असतो. रूळ ओलांडताना शक्य तितके काटकोनात जायचे, त्या क्षणी वळायचे नाही, ब्रेक लावायचा नाही आणि पायडलवर जोर द्यायचा नाही, हे कुरियर पहिल्याच आठवड्यात शिकतो. बर्फ काढणाऱ्या गाड्या तो रस्त्याच्या कडेला सारतात. सायकलची लेन कडेलाच असल्याने बर्फाचा ढीग तिच्यावर येतो आणि सायकलस्वाराला मोटारींच्या रांगेत शिरावे लागते. फिनलंडमधील औलू शहराने वेगळा मार्ग धरला आहे. तिथे सायकलमार्ग आधी साफ करतात आणि उरलेला बर्फ दाबून सपाट, कोरडा ठेवतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. टोरांटोला औलूची नक्कल करता येणार नाही, कारण इथे तापमान सारखे शून्याच्या वर-खाली होत राहते आणि दाबलेला बर्फ टिकत नाही. आधी कोणता मार्ग साफ करायचा, हा निर्णय मात्र हवामानावर अवलंबून नाही.

रस्त्यावर टाकले जाणारे मीठ म्हणजे साधे सोडियम क्लोराइड. पाण्यात ते मिसळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. प्रयोगशाळेत तो जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरतो, प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे १० ते १५च्या खाली मिठाचा प्रभाव जवळजवळ संपतो. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड तरी वापरावे लागते, नाहीतर चाकांना पकड मिळावी म्हणून नुसती वाळू टाकतात. रस्ता मोकळा करणारे हे खारे पाणी सायकलला मात्र खाऊन टाकते. चेन दोन दिवस पुसली नाही तर तिच्यावर तांबूस गंज चढतो, ब्रेकच्या तारा आवरणात अडकतात, बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते आणि नटबोल्ट जागीच जाम होतात. म्हणून बहुतेक कुरियर हिवाळ्यासाठी वेगळी, स्वस्तातली जुनी सायकल ठेवतात. तिला लांब मडगार्ड असतात आणि चेनला घट्ट तेल लावतात. घरी पोहोचल्यावर थोड्याशा पाण्याने मीठ धुऊन ती कोरडी करणे हा रोजचा शेवटचा नेम.

या व्यवसायात फ्रीव्हील नसलेल्या, एकाच गिअरच्या सायकली इतक्या का दिसतात, त्याचे एक कारण हिवाळ्यात आहे. फ्रीव्हीलच्या आत स्प्रिंगवर बसवलेले लहान खटके असतात. पुढे पायडल मारताना ते दात्यांत अडकतात आणि चाक फिरते. कडाक्याच्या थंडीत आतले ग्रीस घट्ट झाले किंवा शिरलेले पाणी गोठले की खटके दाबलेलेच राहतात. पायडल नुसते गरगर फिरते आणि सायकल जागची हलत नाही. फिक्स्ड सायकलमध्ये मागचे चाक पायडलशी थेट जोडलेले असल्याने अडकण्यासारखे काही नसतेच. शिवाय मागच्या चाकाला किती पकड मिळते आहे हे पायांना थेट कळते आणि रिमवर बर्फ जमून ब्रेक लागेनासा झाला तरी पाय रोखून वेग कमी करता येतो. डिस्क ब्रेक आल्यापासून हे शेवटचे कारण थोडे मागे पडले. अशा सायकलने बर्फाळ उतार उतरणे मात्र नवख्याच्या आवाक्यातले नाही आणि त्याने ते शिकायला भर जानेवारी निवडू नये.

टायरमधली हवासुद्धा थंडीत आकसते. २० अंशांच्या खोलीत ६० पीएसआय भरलेला टायर उणे १५ला बाहेर काढला की सुमारे ५१वर येतो. बर्फावर थोडा मऊ टायर बरा असतो, कारण तो जमिनीवर जास्त पसरतो. पण आधीच कमी हवा असेल तर खड्ड्यात ट्यूब चिमटली जाते, आणि उघड्या बोटांनी रस्त्याकडेला पंक्चर काढण्याइतके जिकिरीचे काम दुसरे नाही. काचेसारख्या बर्फावर टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले टायरच काम देतात. ते जड असतात, कोरड्या रस्त्यावर करकरतात आणि महाग पडतात, त्यामुळे काही जण फक्त पुढच्या चाकाला ते लावतात. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस पडतोच. कुलपाच्या भोकात पाणी शिरून गोठले तर सायकल आपलीच असूनही सोडवता येत नाही. फुंकर मारून ते वितळवायला जाऊ नये, कारण श्वासातली वाफ आत जाऊन पुन्हा गोठते. त्यासाठी गोठणरोधक द्रव्याची छोटी बाटली खिशात ठेवतात.

विजेवर चालणाऱ्या सायकलींनी काम हलके केले, पण हिवाळ्यात त्यांची स्वतःची दुखणी आहेत. लिथियम-आयन बॅटरी गारठ्यात कमी ऊर्जा देते, त्यामुळे उन्हाळ्यात एका चार्जवर होणारे अंतर बरेच घटते. शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली तर आत लिथियमचा धातुरूप थर साचतो. त्याने बॅटरीचे आयुष्य घटते आणि धोकाही वाढतो. मोबाइलही गारठून एकाएकी बंद पडतो आणि ॲपवाल्याचे काम तिथेच थांबते, म्हणून तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा लागतो. ३१ डिसेंबर २०२३ रोजी टोरांटोच्या भुयारी रेल्वेत एका इ-बाइकने पेट घेतला. त्यानंतर शहराच्या परिवहन मंडळाने नोव्हेंबर २०२४ पासून दर हिवाळ्यात, १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात, अशा बॅटरीच्या सायकली रेल्वे, ट्राम आणि बसमध्ये नेण्यास बंदी घातली. प्रवाशांच्या सुरक्षेची काळजी खरीच आहे. पण स्वस्त भाड्यामुळे शहराच्या कडेला राहणाऱ्या आणि कामासाठी मध्यभागी येणाऱ्या कुरियरचा परतीचा मार्ग ऐन बर्फात त्यामुळे बंद झाला.

कोणाच्या जिवावर आणि कोणाच्या खर्चाने हे काम चालते, याचे उत्तर कायद्यात शोधावे लागते. ॲप कंपन्या कुरियरला स्वतंत्र कंत्राटदार मानत आल्या आहेत. सायकल त्याची, कपडे त्याचे, मोबाइल त्याचा आणि पडला तर पायही त्याचाच. टोरांटो ज्या प्रांतात येते त्या ऑन्टारियोतील कामगार अपघात विमा कर्मचाऱ्यांना आपोआप मिळतो. स्वतंत्र कंत्राटदाराला तो स्वतः हप्ता भरून घ्यावा लागतो. थंडीत काम करणाऱ्यांसाठी काम आणि विश्रांतीचे एक वेळापत्रक कॅनडात प्रमाण मानले जाते. ते मूळ सस्कॅचवान प्रांतात तयार झाले. वारा नसताना उणे २६ अंशांपासून ते लागू होते आणि थंडी वाढत जाईल तशा उबदार जागेतल्या दहा-दहा मिनिटांच्या सुट्या वाढवत नेते. ते पाळायचे मालकाने. ज्याला मालकच नाही, त्याला अशी सुटी कोण देणार?

स्वतंत्र कंत्राटदाराच्या याच व्याख्येला टोरांटोतील फूडोरा या जेवण पोहोचवणाऱ्या ॲप कंपनीच्या कुरियरांनी आव्हान दिले. टपाल कामगारांच्या संघटनेच्या मदतीने ते ऑन्टारियोच्या कामगार संबंध मंडळाकडे गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये मंडळाने निर्णय दिला की हे कुरियर स्वतंत्र धंदेवाईक नसून कंपनीवर अवलंबून असलेले कंत्राटदार आहेत आणि म्हणून त्यांना संघटना करता येईल. सायकल कुरियरची असली तरी कामाचे मुख्य साधन ॲप आहे आणि ते कंपनीच्या ताब्यात आहे, हा विचार त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला. दोनच महिन्यांनी कंपनीने कॅनडातील व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले आणि मे महिन्यात ती गेली. संघटना हवी की नको यावर कुरियरांनी दिलेली मते जूनमध्ये मोजली तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी संघटनेच्या बाजूने कौल दिलेला होता. तोवर काम करायला कंपनीच उरली नव्हती. त्या लढ्यातूनच पुढे गिग वर्कर्स युनायटेड ही सर्व ॲपच्या कुरियरांची संघटना निघाली.

ऑन्टारियो सरकारने २०२२ मध्ये डिजिटल प्लॅटफॉर्म कामगारांच्या हक्कांचा कायदा केला आणि तो १ जुलै २०२५ पासून लागू झाला. त्याने किमान वेतनाची हमी दिली, पण ती ऑर्डर स्वीकारल्यापासून पोहोचवेपर्यंतच्या वेळेपुरती. दोन ऑर्डरींमधला वेळ त्यात धरला जात नाही. म्हणजे शरीर गरम असते तो वेळ मोजला जातो, आणि घाम गोठत असताना फुटपाथवर काढलेला वेळ मोजला जात नाही. हिवाळ्याचा विचार केला तर या कायद्याची सर्वांत मोठी उणीव हीच ठरते. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये ताशी १७.९६ डॉलरचा किमान दर ठरवताना ऑर्डरची वाट पाहण्याचा वेळही हिशेबात धरला आणि पुढे तो दर वाढवतही नेला. त्यावर काही ॲपनी एका वेळी किती कुरियरांना लॉगिन करू द्यायचे यावर मर्यादा घातल्या, तरी वाट पाहणे हाही कामाचाच भाग आहे हे तत्त्व तिथे मान्य झाले. फिनलंडच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तर २०२५ मध्ये वोल्ट कंपनीच्या कुरियरांचे कंपनीशी असलेले नाते नोकरीचेच आहे, असा निर्णय दिला.

एप्रिलमध्ये रस्त्यांवरचे मीठ पावसाने धुऊन जाते आणि हिवाळ्याचा खर्च समोर येतो. चेन, ब्रेकच्या तारा, पॅड, कधी मागचे सगळे दाते आणि मधले बेअरिंग बदलावे लागते. याच सुमारास प्राप्तिकराचा हिशेबही करायचा असतो. स्वयंरोजगार करणाऱ्यांना विवरणपत्र भरायला १५ जूनपर्यंत मुदत असली तरी कर ३० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. दुरुस्तीचे पैसे व्यवसायखर्च म्हणून वजा होतात, आणि जेवणाचेही काही होतात. थंडीत अंग गरम ठेवून दिवसभर सायकल हाकणाऱ्याला नेहमीपेक्षा खूप जास्त खावे लागते, पण जेवण हा वैयक्तिक खर्च समजला जात असल्याने करखाते ते मान्य करीत नसे. टोरांटोत पायी आणि सार्वजनिक वाहनांनी फिरून टपाल पोहोचवणाऱ्या एका कुरियरने हा प्रश्न न्यायालयात नेला. मोटारीवाला कुरियर पेट्रोलचा खर्च वजा करतो, तर अंगमेहनतीवर तेच काम करणाऱ्याचे जादा अन्न हे त्याचे इंधनच आहे, हा त्याचा मुद्दा फेडरल अपील न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केला. त्यानंतर करखात्याने पायी आणि सायकलवरून काम करणाऱ्या कुरियरांसाठी जादा खाण्यापिण्याची दिवसाला १७.५० डॉलरची सरसकट वजावट ठरवली आणि पुढे ती २३ डॉलर केली. ती घेण्यासाठी जेवणाच्या पावत्या लागत नाहीत. कोणत्या दिवशी किती तास काम केले, याची नोंदवही मात्र ठेवावी लागते.